गोर आणि गोय

घाटंजीच्या मोटर स्टँडवर याडीने माझ्या गळ्यात पडून ढावलो धरला, तेव्हा लाजेने कुठं तोंड लपवू असं मला झालं. याडी म्हणजे आई. आणि ढावलो म्हणजे आमच्या तांड्यात मुलगी सासरी निघाली की माय-लेकींनी एकमेकींच्या गळ्यात पडून सुरावर रडायचं ते रडणं. ते मुलीचं गाणं. नवा कोट घालून, नागपूरची बी. एस्सी. पदरात पाडून अमेरिकेला शिकायला निघालेल्या बाप्यासाठी ते कोणी म्हणत नाही. पण माझ्या याडीला मुलगी नव्हती, आम्ही दोघे भाऊच. ते गाणं तिच्या पोटात इतकी वर्षं पडून होतं आणि त्या दिवशी भर बाजारात बाहेर आलं.

बाजाराचा दिवस होता. मिरच्यांची पोती घेऊन बसलेल्या बायका उठून बघायला लागल्या. कंडक्टरने दारातून मान काढली आणि म्हणाला, “काय व बाई, पोट्टा नांदाले जाऊन राह्यला का?” सगळी मोटर हसली. माझा धाकटा भाऊ वसराम खाली मान घालून माझी ट्रंक टपावर चढवत होता. तो म्हणाला, “भिया, बस लवकर. लोकं पाहून राह्यले.” मी याडीचे हात गळ्यातून सोडवले. हो, सोडवले. जरा जोरातच. तिने पदराने नाक पुसलं, सूर बंद केला आणि मला समजावं म्हणून नाही, तर कंडक्टरला ऐकू जावं म्हणून वऱ्हाडीत म्हणाली, “कोठीबी जाय, बापा. पन तू गोर हायेस, हे इसरू नोको.”

गोर म्हणजे आम्ही, लमाण, बंजारे, तांड्याची माणसं. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला आणि मग घाटंजीजवळच्या माळावर कापूस पेरत बसले. आणि गोर नाहीत ते सगळे कोर. घाटंजीचा वाणी कोर, मास्तर कोर, यवतमाळचा कलेक्टर कोर. दुनियेची अशी दोन भागांत वाटणी करून याडी सुखाने राहत होती. मी छप्पन साली नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हाच त्या वाटणीची मला लाज वाटायला लागली होती. होस्टेलवर मी कोणाला आडनावापलीकडे काही सांगितलं नाही.

हे मी वसरामसाठी लिहितोय, आणि त्याने नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या पुढाऱ्याच्या, ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवावं म्हणून. पुसदला, नागपूरला, मुंबईला जे तांड्यातून निघून गेले त्यांनीही वाचावं. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो, आता नववं चालू आहे. कोणी विचारलं की तिकडे तुला काय मिळालं, तर नोकरी मिळाली, ओव्हरकोट मिळाला, आणि सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर हेवा करायला एक घर मिळालं.

फिलाडेल्फिया नावाचं शहर. तिथं कापसाच्या धाग्याचं रसायन शिकायला मी आलो. आमच्या वावरातला कापूस कुठवर जातो ते बघावं अशी हौस होती. कॉलेजने भाड्याच्या खोल्यांची यादी दिली. पहिल्या दोन घरांनी माझा रंग पाहून खोली आत्ताच गेली असं सांगितलं. तिसरं घर एका लांबलचक विटांच्या ओळीतलं, एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी. दार एका बुटक्या, गोल बाईने उघडलं. हाताला पीठ लागलेलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मागे वळून घरात कोणाला तरी अनोळखी भाषेत मोठ्याने काही सांगितलं. त्या सगळ्या वाक्यात मला एकच शब्द कळला. गोर!

 सात समुद्रापलीकडे एक गोरी बाई मला पाहते आणि तोंडाकडे बघून ओळखते की हा गोर! ज्या शब्दाची नागपुरात लाज वाटली त्याच शब्दाने इथं डोळ्यांत पाणी आणलं. मी ट्रंक खाली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत ओरडलोच, “हो बाई, हो! मी गोर! तुम्ही कसं ओळखलं?”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पिठाच्या हातानेच डोळे पुसले आणि नाक पांढरं करून घेतलं. नवऱ्याला हाका मारून बोलावलं. तोही हसला. त्या हसण्यावरच मला खोली मिळाली.

बाईंनी शब्द ‘गोय’ असा उच्चारला होता, एवढं मला चार दिवसांत कळलं. त्याचा अर्थ कळायला तीन महिने गेले. ते ज्यू होते. मिस्टर फिंकल आणि मिसेस फिंकल. पोलंडमधल्या एका लहानशा गावातून तरुणपणी आलेले. त्यांच्या भाषेत, जिला ते यिडिश म्हणतात, गोय म्हणजे जो ज्यू नाही तो. म्हणजे परका. म्हणजे आमच्या हिशेबाने कोर! मी त्यांच्या दारात उभा राहून छाती ठोकून सांगितलं होतं की मी कोर आहे, मी परका आहे, घ्या मला घरात.

अर्थ कळला त्या दिवशी मी जेवलो नाही. राग त्यांचा नव्हता. आम्ही पण तेच करत आलो होतो, त्याच तोऱ्यात. राग याचा होता की त्यांची वाटणी इथंही शाबूत होती आणि माझी घाटंजीच्या स्टँडवर राहिली होती. गोर असायला दुसरा गोर लागतो. त्या अख्ख्या शहरात मी एकटा होतो. एकटा माणूस कशाचा गोर?

आणि इथून माझं पोट दुखायला लागलं, ते अजून दुखतंच आहे.

कशाकशाचा हेवा करू? त्यांच्या गल्लीत मिस्टर फिंकल खाली उतरला की खाटकाशी यिडिशमध्ये भांडायचा, पाववाल्याशी यिडिशमध्ये राजकारण करायचा, न्हाव्याकडे बसून यिडिश पेपर वाचायचा. रोज निघणारा छापील पेपर! उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा, आणि अक्षरं त्यांची स्वतःची. आमच्या बोलीला अक्षरच नाही. मी याडीला पत्र लिहायचो ते मराठीत, वसराम ते वाचून तिला गोरबोलीत सांगायचा, ती काय म्हणाली ते तो परत मराठीत लिहायचा. “मातोश्री खुशाल आहेत, आपली आठवण काढतात.” माझी याडी जन्मात कधी कोणाला ‘आपली’ म्हणाली नाही.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मिसेस फिंकल डोक्यावर ओढणी घेऊन मेणबत्त्या लावायच्या आणि डोळ्यांवर हात ठेवून काही पुटपुटायच्या. टेबलावर वेणी घातलेला पाव. मला जेवायला बोलवायच्या, आग्रहाने वाढायच्या, आणि मी एकेक घासाबरोबर जळत बसायचो. एकदा आमच्याकडे काय खातात असं विचारलं. मला चेव आला. आपल्याकडेही काही आहे हे दाखवायची संधी. मी त्यांना सळोई सांगितली. बकरा कापला की त्याचं रक्त कसं धरायचं, कसं शिजवायचं, कसं वाटून खायचं, अगदी तोंडाला पाणी सुटेल असं वर्णन करून सांगितलं. बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्यात रक्ताचा थेंब चालत नाही. मटण आणलं की आधी पाण्यात बुडवतात, मग मीठ चोळून उतरत्या फळीवर ठेवतात आणि सगळं रक्त काढून टाकतात. पुढचे दोन शुक्रवार मला फक्त मासे मिळाले.

पण खरी कळ उठली ती त्यांच्या सोसायटीत. महिन्यातून एका रविवारी दुपारी एका भाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या गावचे लोक जमायचे. गाव केवढं, तर एक गिरणी, एक नदी आणि आठवड्याचा बाजार. म्हणजे आपली घाटंजीच. त्या एवढ्याशा गावातून आलेल्यांची इथं सोसायटी! तिला अध्यक्ष, तिला चिटणीस, तिचा शिक्का. काचेच्या ग्लासातून चहा प्यायचे, खारवलेला मासा खायचे आणि अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. शहराबाहेर त्यांचं स्वतःचं कबरस्तान. त्याच्या फाटकावर गावाचं नाव. म्हणजे मेल्यावरसुद्धा बाजारपेठेतले शेजारी शेजारीच झोपणार. मी कोपऱ्यात चहाचा ग्लास घेऊन बसलो होतो आणि मनात आलं, घाटंजी तांडा सोसायटी, फिलाडेल्फिया. अध्यक्ष मी, चिटणीस मी, भांडणार कोणाशी?

एक सांगायचं राहिलं. मिस्टर फिंकलची एक सवय माझ्या डोळ्यांत खुपायची. तो कोटांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करून निवृत्त झालेला, दिवसभर घरी. त्याचे गुडघे गेलेले. बाकी टपाल तो खाली मेजावर टाकून ठेवायचा, पण वसरामचं निळं पत्र आलं की कण्हत कण्हत तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीपर्यंत स्वतः घेऊन यायचा. दारात उभा राहून ते उलटंपालटं करायचा, तिकिटावर बोट फिरवायचा, एकदा तर मी त्याला ते पत्र हुंगताना पाहिलं. मग द्यायचा, आणि जायचा नाही. मी फोडीपर्यंत उभा. विचारायचा, “घरी सगळे बरे?” मला वाटायचं, काय हा भोचकपणा! स्वतःकडे एवढं सगळं आहे, आणि माझ्या एका पत्रावरही याचा डोळा.

पहिल्याच हिवाळ्यात एक सकाळ अशी आली की ती आठवली की अजून कान गरम होतात. मिस्टर फिंकलच्या आईचं दर वर्षीचं श्राद्ध होतं. त्यांच्यात त्या दिवशी मुलाने प्रार्थनेच्या जागी जाऊन कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते, आणि ती म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. त्या प्रार्थनेच्या जागेला ते ‘शूल’ म्हणतात. आपल्याकडे शूल पोटात उठतो. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ बरोबर होते.

बर्फ पडला होता, म्हाताऱ्याचा पाय घसरू नये म्हणून मी हात धरून सोबत गेलो. आत लाकडी बाकं, जुन्या पुस्तकांचा वास, आणि तुरळक म्हातारे. त्यांची पोरं केव्हाच शहराबाहेरच्या हिरवळीवाल्या घरांत राहायला गेली होती. फिंकलच्या मुलाने तर आडनावाचं शेपूट कापून ‘फिन’ करून घेतलं होतं. तिथला व्यवस्थापक माणसं मोजायला लागला. ते माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत, अपशकुन मानतात. दहा शब्दांचा एक श्लोक आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. श्लोक पुरा झाला की माणसं पुरी. तो एकेकाकडे बघत, एकेक शब्द म्हणत आला. नववा शब्द फिंकलवर पडला. मग त्याची नजर माझ्यावर आली. मी खरं सांगतो, मी ताठ उभा राहिलो. तोंड धुऊन आलो होतो, कोट घातला होता, डोक्यावर त्यांची टोपी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दहावा शब्द तोंडातच ठेवून तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

शेवटी समोरच्या औषधांच्या दुकानातून एकाला ओढून आणलं. जाडा, तोंडात च्युइंग गम, हातात गाडीची किल्ली. सारखा घड्याळाकडे बघणारा. त्याला त्यांची अक्षरंसुद्धा वाचता येत नव्हती. कोणीतरी त्याच्या हातात एक कार्ड दिलं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तीच प्रार्थना इंग्रजी अक्षरांत छापलेली. आणि तो मोजला गेला! श्लोक पुरा झाला, प्रार्थना सुरू झाली. गम चघळणारा तो माणूस दहावा, आणि म्हाताऱ्याला बर्फातून सांभाळून आणणारा मी कोणीच नाही. अंगाचा तिळपापड होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. फिंकल उभा राहून आईसाठी म्हणत होता, बाकीचे नऊ ठरल्या जागी ‘आमेन’ म्हणत होते, आणि मी मागे भिंतीला टेकून विचार करत होतो, याच्या आईला जाऊन एवढी वर्षं झाली तरी तिच्यासाठी दहा माणसं उभी आहेत. माझ्या याडीसाठी इथं कोण उभं राहील?

असं मनात येऊ नये. आलं.

तिसऱ्या वर्षी मला नोकरी लागली. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर फिंकल जिन्यातच भेटला, हातात निळं पत्र. नेहमीसारखा दारात उभा राहिला. मी पत्र फोडलं. वसरामने कोणाकडून तरी सांगून घेतलेल्या छापील मराठीत लिहिलं होतं: “कळविण्यास अत्यंत दुःख होते की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मातोश्रींचे दुःखद निधन झाले.”

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मातोश्री कोण? हे कोणाच्या घरचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं? याडी गेली असं लिहिलं असतं तर मी रडलो असतो. वसरामला दोष देत नाही. आपल्या बोलीत लिहितच नाहीत तर त्याने कसं लिहावं? माझी याडी कोरांच्या भाषेत मेली, एवढंच मला त्या क्षणी वाटलं.

फिंकल म्हणाला, “आई?” मी मान हलवली. तो तिसऱ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर हळूहळू बसला आणि शेजारी हाताने थोपटून मला बसायला सांगितलं.  मग विचारलं, “तुमच्यात काय म्हणतात?”

मी म्हणालो, माणूस गेलं तरी ढावलोच म्हणतात. गाणं असतं. त्यात माणसाचं सगळं येतं, नाव, गाव, त्याने काय केलं ते. “म्हण मग,” तो म्हणाला. मला येईना. सूर आठवत होता, अगदी स्पष्ट, घाटंजीच्या स्टँडवरचा. शब्द एकही नाही. याडी माझ्या कानाशी तोंड लावून ते म्हणत होती आणि मी मोटरच्या काचेत माझा कोट चुरगळला का ते बघत होतो.

मग माझं डोकं फिरलं. तीन वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. मी त्याला म्हणालो, “तुम्हाला काय जातं विचारायला? तुमच्याकडे दहा माणसं आहेत. तुमची भाषा आहे, पेपर आहे, सोसायटी आहे, कबरस्तान आहे. तुमच्या आईला काही कमी पडलं नाही. मी तुमचा किती हेवा करतो तुम्हाला माहीत आहे?”

म्हातारा रागावला नाही. म्हणाला, “डॅनी,” माझ्या धनसिंगचं त्यांनी डॅनी केलं होतं, “आणि मी तुझा किती हेवा करतो तुला माहीत आहे?”

त्याची आई त्या गावातच राहिली होती. ती पत्र लिहायची, दर पंधरा दिवसांनी. मग युद्ध आलं, जर्मन आले आणि एका उन्हाळ्यात पत्रं थांबली. गावातले सगळे ज्यू नेले आणि मारले. कोणत्या दिवशी, कुठल्या खड्ड्यात, सांगायला एक माणूस उरला नाही. “मी रोज दारात उभा राहायचो,” तो म्हणाला. “युद्ध संपल्यावरही, वर्षानुवर्षं. पोस्टमन माझ्याकडे बघायचंही टाळायला लागला.” तारीखच नाही, तर कद्दिश कधी म्हणायचं? त्यांचे धर्मगुरू, रब्बी, म्हणाले, एखादा दिवस तूच निवड. त्याने हिवाळ्यातला निवडला, कारण शेवटच्या पत्रात आईने लिहिलं होतं की यंदाच्या हिवाळ्याची काळजी वाटते. “तू माझ्याबरोबर बर्फातून आलास ना, तो दिवस माझ्या अंदाजाचा आहे,” तो म्हणाला. “तुला कोणीतरी दिवस कळवला. तुझं गाव अजून पत्र लिहितं.”

हे सगळं मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? युद्धाचं पेपरात वाचलं होतं, आकडेही वाचले होते. पण ते वाचलेलं आणि कण्हत जिना चढणारा हा माणूस यांची मी कधी सांगड घातली नव्हती. सोसायटीत मला भांडणं आणि मासे दिसले होते. कबरस्तानाच्या फाटकावरचं गावाचं नाव दिसलं होतं. ते नाव आता फक्त त्या फाटकावरच उरलं आहे, हे दिसलं नव्हतं.

मग तो उठला आणि मला खाली स्वयंपाकघरात घेऊन गेला. भिंतीवर त्यांचं कॅलेंडर, मयताचं सामान करणाऱ्या दुकानाने फुकट वाटलेलं. “तान्हा पोळा म्हणजे काय?” त्याने विचारलं. मी सांगितलं: पोळा अमावास्येला, बैलांचा. दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात, तो तान्हा पोळा. “अमावास्या?” म्हाताऱ्याचे डोळे चमकले. “अरे मग आमचा महिनाही चंद्राचाच आहे!” त्याने पान मागे उलटलं आणि एलूल महिन्याच्या तोंडाशी असलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा बघ. इथं गेली तुझी आई.” मिसेस फिंकलनी पेन्सिल आणली. याडीचं नाव विचारलं आणि त्यांच्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, त्या चौकोनात लिहिलं. सोनाबाई. जिचं नाव आयुष्यात कुठल्या कागदावर आलं नव्हतं, ते पहिल्यांदा तिथं आलं.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी मी काचेच्या ग्लासातली एक मेणबत्ती लावतो. ती पुढच्या संध्याकाळपर्यंत जळते. मिसेस फिंकल न विसरता आणून ठेवतात. नवं कॅलेंडर आलं की पहिलं काम, ते नाव नव्या चौकोनात उतरवायचं. फिंकल त्या दिवशी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसतो. ते माझं कद्दिश नाही आणि त्यांचा ढावलो नाही. दोघे गप्प बसतो.

हल्ली या शहरात मराठी माणसं येऊ लागली आहेत. डॉक्टर, इंजिनियर. गणपतीला मलाही बोलावलं होतं. आरती झाली, मोदक झाले, मग एका बाईंनी हसत विचारलं, “राठोड म्हणजे तुम्ही मूळचे कुठले हो?” म्हणजे तिथंही श्लोक माझ्यापाशी येऊन थांबलाच. पूर्वी मी यवतमाळ म्हणून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी म्हणालो, घाटंजीजवळचा तांडा, आम्ही गोर. बाईंना कळलं नाही. मला बरं वाटलं.

घर म्हणजे काय, याचा इतकी वर्षं मी विचार केला आहे, आणि मला एवढंच कळलं आहे की जिथून पत्र येतं ते घर. म्हणून वसराम, आता तुझ्याकडे एक काम आहे.

नायकीण, नायकाची म्हातारी, अजून आहे. तिला ढावलो येतो. तिच्यासमोर बस आणि माय-लेकींचा पुरा ढावलो तिच्याकडून म्हणवून घे. ती म्हणेल, “कायले रे? कोनाची पोरगी चालली?” तिला सांग, माझ्या भियाची याडी चालली. आणि ती जसं म्हणेल तसं उतरवून काढ, आपल्या बोलीत, देवनागरी अक्षरांत. मराठी करू नकोस. ‘मातोश्री’ म्हणू नकोस. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस, आपल्या बोलीला चुकीचं कसं लिहायचं तेसुद्धा अजून कोणी ठरवलेलं नाही. त्या गम चघळणाऱ्या माणसाच्या हातात होतं तसं एक कार्ड मला हवं आहे.

पण पाकिटावर नाव माझं लिहू नकोस. मिस्टर फिंकल लिही. पत्ता तोच. त्याला युद्धातल्या त्या उन्हाळ्यापासून आईच्या गावाहून पत्र आलेलं नाही. आपलं गाव त्याचं नव्हे, पण एक गिरणी, एक नदी आणि आठवड्याचा बाजार आपल्याकडेही आहे. त्याला एक अक्षर वाचता येणार नाही. तो ते हुंगेल, तिकिटावर बोट फिरवेल, गुडघे धरून तीन मजले चढून येईल आणि म्हणेल, डॅनी, हे माझं पत्र आहे, मला वाचून दाखव. मग मला ते मोठ्याने म्हणावंच लागेल.

आणि खरं सांगू? माझ्या तांड्याचं पत्र त्याच्या नावाने आलेलं पाहून माझा जळफळाट होईल. होऊ दे. तू पाठव.